रोजनिशीतला नट

४ ऑगस्ट १९२९ रोजी खंडव्यात किशोरकुमार जन्मले आणि बरोबर पंधरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९४४ रोजी, मुंबईत दिलीप प्रभावळकर. अकोला-खंडवा लोहमार्गावरच्या तुकईथडहून पाहिले, तर या योगायोगाला थोडा अर्थ येतो. गाव बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, म्हणजे कारभार मध्य प्रदेशाचा. पण महाराष्ट्राची हद्द जवळच. लोहमार्गाचे एक टोक किशोरकुमारांच्या गावात आणि दुसरे वऱ्हाडात. इथल्या मराठी घराला दोन्ही विनोद आपले वाटतात. किशोरकुमार पडद्यावर आले की अंगातला प्रत्येक सांधा हसवायला निघतो. प्रभावळकर मात्र हातचे राखून असतात. प्रेक्षक हसतो आणि कशाला हसलो हे त्याला नंतर उमगते. या राखून ठेवण्याचे श्रेय आपण त्यांच्या अभिनयाला देतो, वेषांतराला देतो, रंगभूषेला देतो. ते खरे तर त्यांच्यातल्या लेखकाचे आहे, आणि त्यांची दूरचित्रवाणीवरची कारकीर्द नीट लावून पाहिली तर ते दिसतेही.

सुरुवात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’पासून करावी लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७७ ते ७९ या काळात ही मालिका घराघरांतल्या कृष्णधवल पडद्यावर आली. त्याआधी प्रभावळकर विज्ञान शिकलेले, औषध कंपनीत नोकरी करणारे आणि रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण रंगवणारे नट होते. चिमणराव त्यांचा नव्हता, तो चिं. वि. जोशींचा. इथे पहिला आक्षेप उभा राहतो: दुसऱ्याने घडवलेले पात्र वठवणाऱ्यात लेखक कुठे शोधायचा? पण चिमणरावाच्या कथा कशा लिहिल्या आहेत ते आठवावे. त्या चिमणराव स्वतःच सांगतो. आपण मोठे व्यवहारी, मोठे धोरणी, असे त्याला मनापासून वाटते आणि सांगता सांगता त्याची फजिती आपल्यापुढे उघडी पडते. पुस्तकात हे अंतर वाचक भरून काढतो. कॅमेऱ्यापुढे निवेदन गळून पडते, उरतो तो फक्त फजित झालेला माणूस. तिथे नट नुसताच वेंधळेपणा करू लागला तर चिमणराव विदूषक होतो. प्रभावळकरांनी चिमणरावाचा स्वतःवरचा विश्वास शाबूत ठेवला. बायको काऊसमोर असो की बाळ कर्व्यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊसमोर, आपले काही चुकले असे त्या चेहऱ्याला वाटतच नाही. छापलेल्या ‘मी’चा सूर ओळखून तो चेहऱ्यावर आणणे हे वाचनाचे काम आहे, आणि चांगला वाचक हा निम्मा लेखक असतो.

उरलेला निम्मा लेखक पुढे उघड झाला. ‘हसवाफसवी’ त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. या नाटकाची चर्चा नेहमी सहा वेषांची होते. पण वेष विंगेत बदलता येतो, बोली तशी बदलता येत नाही. ती आधी कागदावर बदलावी लागते. संगीत रंगभूमीच्या आठवणींवर जगणारे वृद्ध कृष्णराव हेरंबकर मंचावर येतात तेव्हा हसू हळूहळू घशात अडकते, कारण त्यांचे बोलणे थट्टेसाठी लिहिलेले नाही; ते एका संपत आलेल्या काळाच्या तोंडचे आहे. त्याच लेखणीने आकाशवाणीसाठी ‘बोक्या सातबंडे’ घडवला, जो पुढे पुस्तकांत आणि २००९ साली चित्रपटात गेला. श्रुतिकेत तर चेहरा नसतोच. केवळ शब्दांवर एक खोडकर आणि सरळ मनाचा मुलगा उभा राहतो, तेव्हा वेषांतराचा मुद्दा आपोआप मागे पडतो.

या वाटचालीचा कळस म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. मूळ ‘अनुदिनी’ हे प्रभावळकरांचे वृत्तपत्री सदर: एका निवृत्त आजोबांची रोजनिशी. २००१ पासून केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ती अल्फा मराठीवर मालिका झाली. आबा म्हणजे प्रभावळकर, मुलगा आणि सून राजन भिसे व शुभांगी गोखले, आणि शिऱ्या-शलाका ही नातवंडे. चिमणरावही ‘मी’ म्हणून बोलतो आणि आबाही, पण दोघांच्या ‘मी’मध्ये चोवीसेक वर्षांचेच नव्हे, दृष्टीचेही अंतर आहे. चिमणरावाला स्वतःची फजिती दिसत नाही. आबांना ती दिसते, आणि ते ती लिहून ठेवतात. घरातल्या तीन पिढ्यांत कुरबुरी होतात, पण दोषाचे खापर शेवटी एकट्या कुणाच्या माथी फुटत नाही, कारण लिहिणारा स्वतःलाही सोडत नाही. विनोद करणाऱ्याने आधी स्वतःकडे पाहावे, ही शिकवण मराठीला नवी नाही. पण दररोजच्या सासू-सुनांच्या रडारडीच्या काळात दूरचित्रवाणीवर ती टिकवून धरणे सोपे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो तुकईथडसारख्या गावातून घेतला जाणे साहजिक आहे. हा सगळा विनोद मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा बिऱ्हाडाचा. जिथे मराठीच्या शेजारी निमाडी, कोरकू आणि हिंदी नांदतात, तिथल्या माणसाने त्यात काय पाहावे? आक्षेपात तथ्य आहे. चिमणरावाच्या वेळी मुंबई केंद्राचे चित्र इथवर पोचण्याची सोयही नव्हती. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, चिमणरावाचा जनक मुळात महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात राहून लिहीत होता. मराठी दूरचित्रवाणीच्या विनोदाचे मूळच सीमेपलीकडचे आहे. दोन, उपग्रह वाहिनीला राज्याची हद्द कळत नाही. टिपऱ्यांचे घर थाळीतून जिथे उतरले, तिथे पेन्शन, नातवंडांचा अभ्यास आणि सुनेची ओढाताण हे विषय कुणालाच परके नव्हते. बोली वेगळी, पण घरातली कोंडी तीच.

तिसरा आक्षेप काळाचा. २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ आले, नंतर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. मराठी विनोद प्रहसनांकडे वळला आणि त्याने प्रभावळकरांच्या पिढीला न जमलेले काम केले. ‘चला हवा येऊ द्या’तल्या भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ऐकताना या बाजूच्या प्रेक्षकाला प्रथमच वाटले असेल की पडद्यावर आपल्या शेजारच्या गावचे कुणी बोलते आहे. हे श्रेय पुरते द्यायला हवे. तरी प्रहसनाची एक मर्यादा आहे: त्यातला माणूस दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि पुढच्या भागात कोऱ्या पाटीने परततो. आबांना कालचे आठवते, म्हणून त्यांच्या आजच्या हसण्याला वजन येते. रोजनिशी हा प्रकारच स्मरणाचा.

प्रभावळकरांचा चित्रपटांतला प्रवासही याच मुद्द्याची साक्ष देतो. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, आणि वयाच्या ८१व्या वर्षी ‘दशावतार’. २००६ सालच्या कामासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो गांधीजींइतकाच ‘शेवरी’साठीही होता. प्रत्येक वेळी आपण रूप पाहून थक्क होतो. पण टिकते ते रूपामागचे ऐकणे, माणूस स्वतःशी कोणत्या शब्दांत बोलतो ते पकडणे.

म्हणून या कारकिर्दीतून घ्यायचे ते मिशीचे आकार नव्हेत. सीमेवरच्या मराठीत अनेक भाषांची सरमिसळ आहे, तिची टर उडवणे सोपे आहे. त्यापेक्षा इथल्या एखाद्या लिहित्या हाताने वही उघडावी आणि आपल्या घरातल्या आबांचे बोलणे, आहे तसे, रोज अर्धे पान टिपून ठेवावे. नट नंतर मिळेल.