विद्यापीठांचा चषक

व्याख्यानमालेत क्रिकेटसारखा विषय घ्यावा काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. इतिहास, अर्थकारण, साहित्य हे व्याख्यानाचे विषय. चेंडूफळीची जागा मैदानावर, असे म्हणणारांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु एखादा समाज आपल्या तरुणांना कोणत्या नावाखाली एकत्र आणतो, हा प्रश्न काही केवळ खेळाचा नव्हे. त्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मुंबईच्या एका क्रीडास्पर्धेने नव्वद वर्षांपूर्वी दिले. त्या स्पर्धेची हकीकत द्रोणागिरीसारख्या नव्या वसाहतीतील श्रोत्यांपुढे मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे. ही स्पर्धा म्हणजे आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा होय. तिच्या विजेत्यास जो चषक मिळतो तो 'रोहिंटन बारिया चषक'.

प्रथम या नावाविषयी. मुंबईचे अर्देशीर दादाभाई बारिया यांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ हा चषक दिला. मुलाच्या नावाने विहीर बांधणारे, धर्मशाळा उठविणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. या पित्याने मुलाचे नाव दरवर्षी नव्याने खेळावयास येणाऱ्या मुलांच्या हाती ठेवले. पहिली स्पर्धा १९३५–३६ च्या हंगामात झाली. त्याच्या आदल्याच वर्षी रणजी स्पर्धा सुरू झाली होती आणि विद्यापीठांचे परस्परसंबंध पाहणारे आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ मध्ये स्थापन झाले होते. आरंभीची काही वर्षे क्रिकेट नियामक मंडळाने ही स्पर्धा भरविली. पुढे ती विद्यापीठांच्याच क्रीडामंडळाकडे आली. पहिला मान मिळविला तो लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने. मुंबईची पाळी मागाहून आली, पण एकदा आली ती अशी की, हा चषक मुंबई विद्यापीठाइतक्या वेळा दुसऱ्या कोणीही जिंकलेला नाही.

आता ही स्पर्धा जन्मास आली त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणावी. त्या काळी शहरातील सर्वांत गाजणारे सामने धर्मवार होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांतून त्यांची सुरुवात झाली. १९०७ मध्ये हिंदू आले व तिरंगी सामने झाले, १९१२ मध्ये मुसलमान आले व ते चौरंगी झाले, आणि १९३७ मध्ये 'बाकीचे' या नावाचा पाचवा संघ घेऊन ते पंचरंगी झाले. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून त्यांची जागा या 'बाकीच्यां'त. १९४३ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! एवढ्या थोर फलंदाजाला ज्या स्पर्धेत 'बाकीचा' म्हणून उभे राहावे लागे, त्या स्पर्धेच्या रचनेतच काही चुकत होते, हे निराळे सांगावयास नको. १९४० मध्ये गांधीजींनी या सामन्यांविरुद्ध आपले मत स्पष्टपणे सांगितले. १९४५–४६ नंतर ते बंद पडले.

याच शहरात, याच वर्षांत, विद्यापीठाचा संघ मात्र दुसऱ्या रीतीने निवडला जात होता. तेथे खेळाडूला त्याचा धर्म विचारीत नसत. तो कोणत्या महाविद्यालयात शिकतो एवढेच पाहत. पॉली उम्रीगर यांचे उदाहरण घ्यावे. सोलापुरात जन्मलेला हा पारशी मुलगा १९४४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, पारशांच्या संघातून खेळला. तोच मुलगा पुढे मुंबई विद्यापीठाचा कर्णधार झाला. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हा संयुक्त विद्यापीठांच्या संघातून त्याने नाबाद ११५ धावा केल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो भारताकडून पहिला कसोटी सामना खेळला. एकाच माणसाच्या आयुष्यात जुनी वाट संपते कोठे आणि नवी सुरू होते कोठे, हे यात स्वच्छ दिसते.

या स्पर्धेची घडण समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा सामना १८२७ पासूनचा. पण तो दोन घराण्यांतल्या जुन्या मानपानासारखा, तिसऱ्याला त्यात शिरकाव नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बेसबॉलची तऱ्हा वेगळी. तेथे काही महाविद्यालये मिळून एक गट बनवितात, वसंत ऋतूत आपापसांत खेळतात आणि हंगामाच्या शेवटी बहुतेक गट आपला विजेता ठरविण्यासाठी स्पर्धा भरवितात. हे गटविजेते राष्ट्रीय स्पर्धेत जातात. तिची शेवटची फेरी १९४७ मध्ये सुरू झाली आणि १९५० पासून ती ओमाहा या गावी भरते. म्हणजे लहान गावातल्या महाविद्यालयालाही ओमाहापर्यंत जाण्याची वाट मोकळी असते. आपली रचना या अमेरिकन पद्धतीला अधिक जवळची आहे. आधी महाविद्यालयांचे सामने, त्यांतून विद्यापीठाचा संघ. मग उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा विभागांतील विद्यापीठांचे सामने. आणि विभागांत जे सरस ठरतील त्यांच्यात अखेरची झुंज. शिडीची पहिली पायरी महाविद्यालयाच्या अंगणात असते, हे तिचे वैशिष्ट्य.

या पायरीवर पाय कसा पडतो याची एक गमतीची हकीकत प्रसिद्ध आहे. अजित वाडेकर हे विज्ञानाचे विद्यार्थी. अभियंता व्हावे असा बेत. एकदा बसमधून महाविद्यालयात जाताना शेजारचे बाळू गुप्ते यांनी त्यांना विचारले, संघात बारावा गडी म्हणून येतोस काय? दिवसाला तीन रुपये मिळत. त्या काळच्या विद्यार्थ्याला ती रक्कम लहान नव्हती. वाडेकर गेले ते कायमचेच. पुढे विद्यापीठाच्या सामन्यात त्यांनी ३२४ धावांचा विक्रम केला. तो मोडला सुनील गावसकर यांनी, ३२७ धावा काढून. ज्या सामन्यात एकटा गडी सव्वातीनशे धावा काढतो तो दोन घटकांची करमणूक नव्हे. ती धीराची शाळाच होय.

तिसरे नाव दिलीप सरदेसाई यांचे. ते मडगावचे. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. मोठ्या क्रिकेटची तेथे सोय नव्हती. १९५७ मध्ये कुटुंब मुंबईस आले, मुलगा महाविद्यालयात गेला, आणि १९५९–६० च्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्याने ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. लगेच पुढच्या हंगामात पाकिस्तानचा संघ पुण्यास आला असता विद्यापीठांच्या संघात त्याची निवड झाली आणि त्याने ८७ धावा काढल्या. मुंबईत ना पिढीजात ओळख, ना कोणा क्लबाचा जुना आधार. तरी तीन-चार वर्षांत हे घडले.

१९७१ च्या दौऱ्यात भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली. कर्णधार वाडेकर, गावसकरांच्या चार सामन्यांत ७७४ धावा, सरदेसायांच्या ६४२. तिघेही एकाच विद्यापीठाचे आणि एकाच चषकासाठी खेळलेले! सारे श्रेय या स्पर्धेला द्यावे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईची मैदाने, क्लब, पावसाळ्यातील कांगा लीग यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण क्लबाच्या दारात ओळख लागते. महाविद्यालयाच्या दारात प्रवेशाचा अर्ज पुरतो.

१९६६–६७ मध्ये विभागवार विद्यापीठ संघांसाठी विझी चषक आला, तेव्हा ही शिडी आणखी एक पायरी वर गेली. पुढे मात्र वारे बदलले. आज निवड करणारांची नजर सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांच्या स्पर्धांवर असते. मुलगा महाविद्यालयात पोहोचेपर्यंत त्याची निवड तरी झालेली असते किंवा निराशा तरी. ज्याच्या घरी लहानपणापासून शिकवणीला, साहित्याला, प्रवासाला पैसा आहे त्याला ही पद्धत सोयीची. ज्याला आपल्या अंगचा गुण अठराव्या वर्षी उमगतो, त्याने काय करावे? वाडेकर बसमध्ये भेटले तेव्हा ते कोणाच्याही यादीत नव्हते, हे विसरू नये.

हा प्रश्न द्रोणागिरीला लागू आहे. शेते आणि मिठागरे यांच्या जागी ही वसाहत उभी राहत आहे. जुन्या गावांतली आगरी-कोळ्यांची मुले आणि परप्रांतांतून नोकरीसाठी आलेल्यांची मुले येथे शेजारी राहतात, पण एकत्र कोठे येतात? देऊळ निराळे, सण निराळे, गृहसंकुलाचे फाटकही निराळे. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच होतीच, २०२४ पासून अटल सेतू आणि उरणपर्यंत रेल्वेही आली. मुंबई जवळ आली खरी. परंतु शिडीचा पहिला पाय आपल्या अंगणातच रोवावा लागतो. उरण तालुक्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाचीच आहेत. म्हणजे वाडेकर-सरदेसायांनी जी वाट चालली ती फुंड्याच्या किंवा उरणच्या विद्यार्थ्यालाही कागदोपत्री खुली आहे. ती प्रत्यक्षात खुली ठेवावयाची तर मैदानाची जागा नकाशावर नुसती हिरवी रंगवून भागणार नाही. त्यावर रोलर फिरला पाहिजे, जाळी लागली पाहिजे, आणि संध्याकाळी आपल्यापैकी चार वडीलधाऱ्यांनी तेथे जाऊन उभे राहिले पाहिजे.

एका पित्याने आपल्या मुलाच्या आठवणीसाठी चषक दिला आणि तो हजारो मुलांच्या कामी आला. आपण चषक देऊ नये, मैदान राखावे. तेथे येणाऱ्या मुलाला 'तू कोणाचा?' असे न विचारता 'तू कोठे शिकतोस, आणि खेळतोस काय?' एवढेच विचारावे.