आधी निदान, मग फॉरमॅट: संगणक-दुरुस्तीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकाच्या दुरुस्तीत पैसे वाया जातात तेव्हा सुरुवात बहुधा ग्राहकाच्याच वाक्याने झालेली असते. ‘स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या,’ असे सांगितले की दुकानदार फॉरमॅट मारून देतो आणि त्याचे पैसे घेतो. बिघाड नेमका कुठे आहे, हे दोघांपैकी कोणीच तपासलेले नसते. डॉक्टरकडे गेल्यावर माणूस दुखणे सांगतो, औषधाचे नाव सांगत नाही; संगणकाच्या दुकानात मात्र उलटे घडते. दुरुस्तीविषयीचे बरेचसे गैरसमज या उलट्या सवयीतून टिकून राहिले आहेत.

‘संगणक संथ झाला म्हणजे व्हायरस आला’

हा समज जुना आहे आणि एके काळी तो बराचसा खरा होता. १९९०च्या दशकात फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसमुळे संगणक खरोखरच बंद पडत. पुण्यात आधी कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करणारे कैलाश काटकर यांच्याकडे असे संगणक येत. त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यावर उपाय म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅममधूनच पुढे ‘क्विक हील’ हा व्यवसाय उभा राहिला. आता परिस्थिती वेगळी आहे. विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंगभूत येतो, आणि आजचे घातक प्रोग्रॅम संगणक संथ करण्यापेक्षा गुपचूप पासवर्ड चोरण्यात जास्त रस घेतात.

घरातला किंवा कार्यालयातला पाच-सात वर्षांचा संगणक संथ होतो त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे त्यातली फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. अशी डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला साधारण शंभर-दीडशे मेगाबाइट देते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास देते. खरा फरक मात्र विखुरलेल्या लहान फायली शोधताना पडतो. फिरत्या डिस्कच्या सुईला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत हलणारा भागच नसल्याने तो वेळ जवळजवळ नाहीसा होतो. विंडोज सुरू होणे म्हणजे अशा हजारो फायली वाचणे. म्हणून जुन्या संगणकाला एसएसडी बसवल्यावर जो फरक दिसतो तो दहा वेळा फॉरमॅट मारूनही दिसत नाही.

दुकानात जाण्याआधी एक तपासणी घरीच करता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. काहीही काम सुरू नसताना ‘डिस्क’चा रकाना सतत १०० टक्क्यांवर असेल तर संशय डिस्कवर, ‘मेमरी’ कायम नव्वदीत असेल तर रॅम अपुरी. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे अनावश्यक प्रोग्रॅमही तिथेच ‘स्टार्टअप’मध्ये दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात. सुरुवातीला ठीक चालणारा लॅपटॉप अर्ध्या तासाने रखडत असेल तर कारण बहुधा उष्णता असते: पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र आणखी तपासण्या करू नयेत. संगणक बंद करावा आणि आधी डेटा कसा वाचेल हे पाहावे.

‘फॉरमॅट मारला की सगळे ठीक होते’

फॉरमॅटने फक्त सॉफ्टवेअरमधले बिघाड जातात. खराब होत चाललेली डिस्क, कमी रॅम, तापणारा प्रोसेसर यांवर त्याचा परिणाम शून्य. नव्या विंडोजमुळे चार दिवस हलके वाटते, मग तक्रार परत येते.

या एका कामाभोवती निदान तीन समज गुंफलेले आहेत. पहिला म्हणजे ‘माझा डेटा डी ड्राइव्हला आहे, तो सुरक्षित आहे.’ भारतात एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची रीत आहे. सी फॉरमॅट केला तर डी राहतो हे खरे. पण डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर मुळात सी मध्येच असतात, आणि नेमक्या तिथेच लोकांनी सगळे ठेवलेले असते. शिवाय डिस्कच बंद पडली तर सी, डी, ई एकदमच जातात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवरची प्रत: वेगळी एक्स्टर्नल डिस्क किंवा क्लाउड.

दुसरा समज अगदी उलट टोकाचा: फॉरमॅट केलेल्या डिस्कवर काही उरत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केला की फायलींची यादी पुसली जाते, फायली नव्हेत. सहज मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने त्यातल्या बऱ्याच परत काढता येतात. जुना संगणक विकताना किंवा कोणाला देताना विंडोजच्या ‘रीसेट’मधला ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा, किंवा डिस्क काढून घ्यावी. चुकून पुसलेल्या फायली परत हव्या असतील तर याच तत्त्वाचा उपयोग होतो. त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर इन्स्टॉल करू नये.

तिसरा समज खास मराठी वापरणाऱ्यांचा. फॉरमॅटनंतर जुन्या मराठी फायली उघडल्या की जागोजागी विचित्र रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात, आणि ‘दुकानदाराने फायली खराब केल्या’ असा निष्कर्ष निघतो. फायली शाबूत असतात. युनिकोड रूढ होण्याआधी, आणि छपाईच्या कामात आजही, श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएमसोबतचे फॉन्ट वापरले गेले. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नाहीसा झाला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर पूर्ववत दिसतो. म्हणून वकिलांच्या, डीटीपीवाल्यांच्या आणि ग्रामपंचायतींच्या संगणकाला फॉरमॅट मारण्यापूर्वी फॉन्टचे फोल्डर जपून ठेवायला सांगणे हे डेटाइतकेच महत्त्वाचे आहे.

राहता राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपचा परवाना त्याच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. तरीही अनेक ठिकाणी होम आवृत्तीचा परवाना असलेल्या लॅपटॉपवर प्रो आवृत्ती टाकून ती ‘क्रॅक’ केली जाते. ते अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि आत आणखी काय शिरले हे दुकानदारालाही माहीत नसते. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार गुन्हाही आहे.

‘चालू होत नाही, म्हणजे मदरबोर्ड गेला’

मदरबोर्ड जातो, पण लोक समजतात तितक्या वेळा नाही. डेस्कटॉप बीप देत असेल आणि पडद्यावर काही येत नसेल तर बऱ्याचदा रॅमचे संपर्क गंजलेले असतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर ही तक्रार हमखास येते. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने पुसून परत बसवणे हा दुकानांतला रोजचा उपाय आहे आणि तो योग्यही आहे. दर वेळी तारीख-वेळ मागे जात असेल, त्यामुळे संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नसतील, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेल संपलेला असतो. लॅपटॉप अजिबात चालू होत नसेल तर आधी दुसऱ्या योग्य चार्जरने पाहावे. आणि बोर्ड खरोखरच बिघडला असला तरी ‘चिप लेव्हल’ काम करणारा कारागीर त्यावरचा एखादा घटक बदलून तो वाचवू शकतो. संपूर्ण बोर्ड बदलण्याचा मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी अशा ठिकाणी दुसरे मत घेणे फायद्याचे ठरते.

‘कंपनीचे सेंटर प्रामाणिक, गल्लीतले दुकान लबाड’

विश्वासार्हता पाटीवर ठरत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत सेवाकेंद्राशिवाय दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही, हे निर्विवाद. वॉरंटी संपल्यावर मात्र चित्र बदलते. अधिकृत केंद्रात बहुतेक वेळा पूर्ण सुटा भाग बदलला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी बसलेला जाणता कारागीर तोच भाग दुरुस्त करून देतो.

अधिकृत केंद्र शोधताना एक धोका आहे. दुकानावर नामांकित कंपन्यांची बोधचिन्हे लावलेली असतात म्हणून ते दुकान अधिकृत ठरत नाही. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेले क्रमांक तर आणखी घातक, कारण त्यांत ठगांनी पेरलेले क्रमांक असतात. केंद्राचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. लॅपटॉपच्या तळाशी असलेला सीरियल नंबर टाकला की वॉरंटीची स्थितीही बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर कळते.

‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी पडद्यावर येऊन भोंगा वाजू लागला तर ती ब्राउझरमधली जाहिरात असते. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन क्रमांक देत नाही आणि स्वतःहून फोनही करत नाही. अशा ठगांचे मुख्य हत्यार म्हणजे एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर. ते स्वतः बेकायदा नाही, पण अनोळखी माणसाला त्याचा कोड दिला की बँकेचा व्यवहार त्याच्यासमोर उघडा पडतो. पैसे गेले तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

चांगला दुरुस्तीवाला ओळखायचा तो त्याच्या कागदांवरून आणि प्रश्नांवरून. तो ‘कधीपासून होते? काय करताना होते?’ असे विचारतो. तपासणीचे शुल्क आधी सांगतो. सीरियल नंबर, रॅम आणि डिस्कची क्षमता लिहिलेली पावती देतो. खर्चाचा अंदाज कळवल्याशिवाय काम सुरू करत नाही, बदललेला जुना भाग मागितल्यावर परत देतो आणि नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहितो. ‘बिल कशाला, विश्वास नाही का?’ हे उत्तर जिथे मिळते तिथे विश्वास ठेवायला जागा नाही. पुढे वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ असो की जिल्हा ग्राहक आयोग, तिथे विचारले जाते ते बिलच. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष सेवेबद्दल दाद मागता येते, पण सेवा घेतल्याचा पुरावा हवा.

संगणक देण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि ब्राउझरमधल्या बँक व ईमेलच्या खात्यांतून बाहेर पडावे. बहुतेक दुरुस्त्यांना मुख्य पासवर्ड लागत नाही. लागलाच तर तात्पुरते वेगळे खाते करून द्यावे. नव्या विंडोज ११ लॅपटॉपबाबत आणखी एक खबरदारी आहे. त्यांतली डिस्क अनेकदा बिटलॉकरने कूटबद्ध असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच शोधून कागदावर लिहून ठेवली नसेल आणि खात्याचा पासवर्डही विसरला असेल, तर उत्तम कारागीरसुद्धा तो डेटा काढून देऊ शकत नाही.

देखभालीबद्दल थोडे

डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून वारंवार ‘रिफ्रेश’ करण्याने संगणकाचा वेग वाढत नाही. पडद्यावरची चिन्हे नव्याने मांडली जातात, एवढेच. रजिस्ट्री साफ करणारे आणि ‘पीसी बूस्टर’ म्हणवणारे प्रोग्रॅमही निरुपयोगी, काही वेळा अपायकारक. अडखळणाऱ्या संगणकाला बंद करून चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’ करणे जास्त उपयोगी पडते. फास्ट स्टार्टअपच्या सोयीमुळे विंडोज ‘शटडाउन’ करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवते. रीस्टार्टमध्ये तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो.

लॅपटॉपची बॅटरी पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयन बॅटरीची त्याने उलट झीज होते. दिवसभर चार्जर लावून ठेवला तर ती ‘ओव्हरचार्ज’ होत नाही, पण शंभर टक्के चार्ज आणि उष्णता एकत्र आले की लवकर म्हातारी होते. म्हणून बऱ्याच कंपन्या ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय देतात. टचपॅड वर उचलला गेल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर लगेच थांबवावा.

कीबोर्डवर चहा सांडला तर तांदळाच्या डब्यात लॅपटॉप ठेवण्याने काही साधत नाही. नुकसान पाण्यापेक्षा साखरेने, दुधाने आणि त्यानंतरच्या गंजाने होते. लगेच बंद करावा, चार्जर काढावा, ‘चालतो का बघू’ म्हणून पुन्हा चालू करू नये आणि त्याच दिवशी दुकानात न्यावा.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. असा संगणक चालत राहतो, पण बँकेच्या कामाला तो वापरणे शहाणपणाचे नाही.

विजेबाबत दोन गोष्टी. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. डेस्कटॉपचा यूपीएस काम सुरू ठेवण्यासाठी नसून फायली जपून संगणक नीट बंद करता यावा म्हणून असतो. त्यावर लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलण्याआधी प्लगपॉइंटची अर्थिंग तपासावी. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून गळणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो, आणि ती वाट नसेल तर तो पत्र्यावर येतो. अशा वेळी संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.