वाचक एकदा येतो, पण पुन्हा का येतो?

साबुदाणा वडा तेलात का फुटतो, हे शोधायला एक व्यक्ती गूगलवर जाते. समोर आलेल्या दुव्यांपैकी एक उघडते, उत्तर वाचते आणि निघून जाते. संकेतस्थळाचे नाव तिला संध्याकाळपर्यंत आठवतही नाही. दुसरी व्यक्ती त्याच संकेतस्थळावर रोज सकाळी चहा घेताना येते, नवे काय आले ते पाहते, कालच्या चर्चेत कोणी उत्तर दिले का तेही तपासते. आकडेवारीत दोघींची नोंद 'एक वाचक' अशीच होते. प्रत्यक्षात संकेतस्थळ टिकते की बंद पडते, हे बऱ्याचदा या दोघींतल्या फरकावर ठरते.

शोधयंत्राने आणलेला वाचक कोणाचा?

'मेटाफिल्टर' या अमेरिकी संकेतस्थळाची गोष्ट याबाबतीत बोलकी आहे. मॅट हॉई यांनी ते १९९९ मध्ये सुरू केले. सदस्यांनी इंटरनेटवरच्या वाचनीय गोष्टी एकमेकांना दाखवायच्या आणि त्यावर बोलायचे, एवढीच मूळ कल्पना होती. पुढे 'आस्क मेटाफिल्टर' हा प्रश्नोत्तरांचा विभाग सुरू झाला. घरमालकाशी झालेल्या वादापासून आजारी मांजरापर्यंत कोणताही प्रश्न विचारावा आणि अनुभवी माणसांनी उत्तर द्यावे, असे त्याचे स्वरूप. सदस्य होण्यासाठी एकदाच पाच डॉलर भरावे लागत. रक्कम छोटी होती, पण नुसता गोंधळ घालायला येणारे तेवढ्यानेही दूर राहत.

उत्तरे चांगली असल्याने गूगलवरून रोज मोठ्या संख्येने लोक येत. त्यांना दिसणाऱ्या जाहिरातींवर संकेतस्थळाचा बहुतेक खर्च भागत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मात्र गूगलच्या क्रमवारीत बदल झाला आणि एका रात्रीत सुमारे ४० टक्के वाचक कमी झाले. मजकूर तोच होता, लिहिणारेही तेच होते. २०१४ मध्ये हॉई यांना काही नियंत्रकांना कामावरून कमी करावे लागले. ही बातमी कळताच सदस्यांनी स्वतःहून पैसे पाठवायला सुरुवात केली आणि त्या आधारावर संकेतस्थळ पुढेही चालू राहिले.

शोधयंत्राने दिलेला वाचक शोधयंत्र परतही नेऊ शकते. अडचणीच्या वेळी धावून आला तो नेहमीचा वाचक.

'दर्जेदार मजकूर' म्हणजे नेमके काय?

लांबलचक लेख किंवा अलंकारिक भाषा म्हणजे दर्जा नव्हे. वाचक ज्या कामासाठी आला ते काम झाले, तर मजकूर दर्जेदार. साध्या कसोट्या पुरतात. शीर्षकात दिलेले वचन लेखात पाळले आहे का? इतरत्र सहज न मिळणारी एखादी माहिती, अनुभव किंवा बारकावा त्यात आहे का? माहिती जुनी झाल्यावर ती दुरुस्त केली जाते का?

एकेकाळी लोक काय शोधतात ते पाहून त्या शब्दांभोवती घाऊक लेख पाडणाऱ्या कंपन्या जोरात होत्या. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' या नावाने केलेल्या बदलानंतर अशा अनेक संकेतस्थळांची वाचकसंख्या कोसळली. त्यांना सावरायला कोणी पुढे आले नाही, कारण त्यांची आठवण राहावी असे वाचकांना तिथे काही मिळालेच नव्हते.

लेखाभोवती माणसे कशी जमतात?

चांगला लेख वाचकाला आत आणतो. त्याला थांबवतात ती तिथली माणसे. मराठीत याचे जुने उदाहरण म्हणजे १९९६ मध्ये सुरू झालेले 'मायबोली'. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना एकमेकांशी मराठीत बोलायला जागा हवी होती, ती तिथे मिळाली. पाककृतीखाली दुसरी सुगरण आपल्या घरची पद्धत सांगते, कथेखाली वाचक मोकळेपणाने मत देतो, गणेशोत्सवात स्पर्धा रंगतात, दिवाळी अंकही निघाले आहेत. या उपक्रमांत सदस्यच स्वयंसेवक असतात. अंकासाठी मुद्रितशोधन केलेला माणूस त्या जागेकडे पाहुण्यासारखा पाहत नाही. ती त्याला आपली वाटते.

मात्र नुसती प्रतिक्रियांची चौकट उघडून दिली म्हणजे समुदाय तयार होत नाही. नव्याने लिहिणाऱ्याला पहिले उत्तर लवकर मिळावे लागते. वैयक्तिक चिखलफेक वेळीच थांबवावी लागते, आणि नियम जुन्या-नव्या सदस्यांना सारखेच लागू करावे लागतात. हे काम दिसत नाही, पण ते बंद पडले की आधी चांगले लिहिणारे जातात आणि मागे भांडणारे उरतात.

गप्प बसणारे वाचक निरुपयोगी असतात का?

अजिबात नाही. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडले: १०० जणांपैकी साधारण ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक लेखन उरलेला एकच जण करतो. प्रतिक्रिया कमी आल्या म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे न बोलता वाचणाराही निष्ठावान असतो. फक्त त्या लिहित्या एकाला जपावे लागते, कारण बाकीचे त्याच्यासाठीच येतात.

जमलेले वाचक का निघून जातात?

२००४ मध्ये सुरू झालेल्या 'डिग'वर कोणता दुवा वर जायचा, हे सदस्यांच्या मतांवर ठरे. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने नवी रचना आणली. तिच्यात प्रकाशनसंस्थांना आपले दुवे आपोआप टाकता येऊ लागले आणि नको असलेला दुवा खाली ढकलण्याची सोय काढून टाकली गेली. चिडलेल्या सदस्यांनी 'डिग'चे पहिले पान प्रतिस्पर्धी 'रेडिट'च्या दुव्यांनी भरून टाकले आणि अनेक जण तिकडेच गेले. २०१२ मध्ये 'डिग' किरकोळ किमतीला विकले गेले. ज्यांच्या मतावर जागा उभी राहिली, त्यांचेच मत काढून घेण्याची ती किंमत होती.

आज हा प्रश्न अधिक गंभीर का?

आता शोधयंत्र अनेकदा कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर थेट वरच दाखवते. साबुदाणा वड्याचे उत्तर तिथेच मिळाले, तर दुवा उघडायचे कारण उरत नाही. अशा वेळी आजचा आकडा किती, यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: उद्या शोधयंत्राने एकही वाचक पाठवला नाही, तर पत्ता लक्षात ठेवून किती जण येतील? छोट्या मराठी संकेतस्थळासाठी असे काहीशे वाचकही मोलाचे असतात. ते जमायला वर्षे लागतात, पण एका रात्रीत बदललेली क्रमवारी त्यांना घेऊन जाऊ शकत नाही.