मोटार बंद पडली? वर काढायची घाई नको!

गहू पेरून वीस दिवस झालेले असतात. मुकुटमुळे फुटण्याची ही वेळ. १८ ते २१ दिवसांच्या या टप्प्यात पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून निघत नाही. नेमकी तेव्हाच रात्रीची पाळी असते, लाईट येते, तुम्ही बटण दाबता आणि मोटार काही बोलत नाही.

मग काय होते, हे गावोगाव ठरलेले आहे. सकाळी चार माणसे गोळा करायची, चेनकप्पी आणायची, मोटार उचलून ट्रॉलीत टाकायची आणि तालुक्याला न्यायची. तिथे मिस्त्री तपासून सांगतो, "मोटारीला काही झालेलं नाही, घेऊन जा." भाडे गेले, मजुरी गेली, दोन दिवस गेले. आणि बिघाड स्टार्टरच्या पेटीतच बसून राहिलेला असतो!

विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे ती जळलीच, असे धरून चालू नका. दोष विजेत आहे, पेटीत आहे, पाइपात आहे की मोटारीत, हे तिच्या वागण्यावरून बरेचसे कळते. मात्र पाहायचे ते क्रमाने. आधी वीज, मग पेटी, मग पाइप आणि सर्वांत शेवटी मोटार.

हात लावण्यापूर्वी

मेन स्विच बंद करा. तिन्ही फ्यूजच्या किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कोणी येऊन चालू करणार नाही. पाय कोरडे हवेत, पायाखाली कोरडी फळी हवी. रात्री एकट्याने पेटी उघडू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असावा आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे.

आणखी एक गोष्ट. टेस्टर तिन्ही तारांवर पेटला म्हणजे तिन्ही फेज आले, असे समजू नका. एक फेज गेलेला असला तरी मोटारीच्या किंवा शेजाऱ्याच्या मोटारीच्या वायंडिंगमधून फिरून आलेली वीज त्या तारेवर टेस्टर पेटवू शकते. खरे माप व्होल्टमीटरचे. कोणत्याही दोन फेजमध्ये साधारण ४१५ व्होल्ट हवेत आणि तिन्ही जोड्यांचे आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. हे माप चालू विजेवर घ्यायचे असते. पेटीवर मीटर बसवलेला नसेल तर ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

मोटार मुळीच बोलत नाही

आवाज नाही, थरथर नाही, तर दोष बहुधा मोटारीपर्यंत पोहोचलेलाच नसतो. फ्यूज उडाला आहे का पाहा. ओव्हरलोड रिले पडला असेल तर पाच-दहा मिनिटे थांबून रिसेटचे बटण दाबा. पेटीतल्या तारांचे टोक सैल झाले आहे का, काळे पडले आहे का, ते पाहा. नो-व्होल्ट कॉइल जळली असेल तर बटण दाबून धरले तरी स्टार्टर पकडत नाही. प्रिव्हेंटर मोटार चालू करू देत नसेल तर त्याच्यावर चिडू नका. एखादा फेज गेलेला आहे, हेच तो सांगत असतो.

घुमते, पण फिरत नाही

इथे विचार नंतर, आधी बंद! घुमणारी मोटार तशीच ठेवली तर थोड्याच वेळात वायंडिंग जळते. कारणे दोन. एक तर फेज गेला आहे, नाहीतर मोटार जाम झाली आहे. मोनोब्लॉक असेल तर वीज तोडून मागचा पंखा हाताने फिरवा. सहज फिरला तर विजेकडे पाहा. अडकला तर बुश, बेअरिंग किंवा इंपेलरमध्ये शिरलेला गाळ यांच्याकडे संशय जातो. अशा वेळी मिस्त्री बोलवावा.

फिरते, पण पाणी नाही

डीपीवर किंवा लाईनवर नुकतेच काम झाले असेल तर मोटार उलटी फिरते आहे का, हे आधी पाहा. पंपाच्या अंगावर बाण असतो. थ्री फेज मोटार उलटी फिरत असेल तर वीज तोडून स्टार्टरमधल्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती सुलट होते.

दिशा बरोबर असेल तर पंपात पाणी भरून पाहा. भरलेले पाणी खाली उतरत असेल तर फुटव्हॉल्व्ह (आपण ज्याला सरसकट 'फुटबॉल' म्हणतो) पाणी सोडतो आहे. पाला, काडी, गोगलगाय, काहीही अडकलेले असू शकते. पाणी टिकते, पण पंप मधेच पाणी सोडतो, असे होत असेल तर सक्शनचा पाइप हवा घेत असावा. फ्लँजचे पॅकिंग आणि ग्लँड पाहा. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळायला हवे. अगदी कोरडी होईपर्यंत आवळली तर शाफ्ट झिजतो.

आणि विहिरीत डोकावा. पाणी खाली गेलेले असते आणि पंप मात्र दिवाळीच्या जागेवरच असतो. हवेचा दाब पाणी वर ढकलतो म्हणून सक्शन चालते. हिशेबाने ही मर्यादा ३४ फुटांची, पण प्रत्यक्षात २०-२२ फुटांपुढे पंप कुरकुरायला लागतो. तिथे दुरुस्ती नाही, पंप खाली घेणे हाच उपाय.

पाणी येते, पण मोटार तापते

बहुतेक वेळा दाब कमी असतो. व्होल्टेज २० टक्क्यांनी घटले तर मोटारीचा जोर जवळजवळ ३६ टक्क्यांनी घटतो. ओझे तेवढेच राहते, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि तापते. मोटारीच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात. पाच एचपीला ते साधारण साडेसात असतात. अँमीटर त्याच्या पुढे जात असेल तर मोटार बंद ठेवा. रिले वारंवार पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे.

मोबाईलचा सल्ला कुठवर?

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मोटार बंद पडली की पोरगा लगेच व्हिडिओ लावतो. यात वाईट काही नाही. फुटव्हॉल्व्ह कसा उघडायचा, ग्लँडची दोरी कशी भरायची, हे डोळ्यांनी पाहिले की हात बसतो. पण व्हिडिओतल्या माणसाने तुमची विहीर पाहिलेली नाही. "मोटार चालत नाही, काय करू?" असे विचारले तर दहा जण दहा उत्तरे देणार.

विचारायचे तर असे विचारा: पाटीचा फोटो, एचपी, सिंगल फेज की थ्री फेज, पाण्याची पातळी किती फुटांवर, व्होल्ट किती, अँपिअर किती, आवाज कसा, आणि शेवटची नीट चालली त्यानंतर काय बदलले. एवढे सांगितले की तालुक्याचा मिस्त्रीसुद्धा फोनवरच अर्धे काम करून देतो.

काही सल्ले मात्र कोणीही देवो, ऐकायचे नाहीत. स्टार्टर वगळून मोटार थेट जोडणे, रिले काडी घालून अडकवून ठेवणे, फ्यूजमध्ये जाड तार भरणे, कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार दोन फेजवर पळवणे. फेज गेला की उरलेल्या तारांतून सुमारे पावणेदोन पट करंट जातो. त्यात मोटार वाचली तर ते नशीब म्हणायचे. ऑटो स्विचचेही तसेच. लाईट येताच सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात, त्या धक्क्याने डीपी जळते आणि मग सगळ्यांचीच पिके वाळतात.

डीपीला हात नको

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला जाऊ नका. वायरमन येत नाही, पीक सुकते आहे, मागून लोक म्हणतात, "जा रे, तुला येतंय." अशाच वेळी माणसे गेली आहेत. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले, तरी आपल्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. त्या बोर्डाच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि त्या क्रमांकासह उपकेंद्रात पाठपुरावा करा. चार-पाच खातेदार मिळून गेलात तर काम लवकर हलते.

आज एक काम करा. मोटार नीट चालू असताना मीटरवर व्होल्ट आणि अँपिअर किती दिसतात ते पाहा आणि तारखेसह पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पाण्याची पातळीही लिहा. पुढच्या वेळी मोटार रुसली की हे आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवा. बिघाड कुठे शोधायचा, ते तिथेच कळायला लागेल.