गावाचे वायफाय, घरचे जाळे



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, पाचट आणि खोडवा व्यवस्थापन याविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा आडवळणाचा आहे. परंतु गेल्या हंगामात ऊस नोंदीसाठी वस्त्या-वस्त्यांवर फिरताना खताच्या खालोखाल प्रश्न जर कशाचे आले असतील, तर ते वायफायचे. म्हणून लिहायला बसलो.

मुरुडच्या कडेला आपल्या एका वयस्कर सभासदांची वस्ती आहे. सगळे त्यांना आबा म्हणतात. नोंद झाल्यावर चहा घेताना आबा म्हणाले, "साहेब, पलीकडच्या दुकानाचं वायफाय आमच्या माळवदावर लागतंय, खाली घरात लागत नाही. नात लातूरच्या क्लासचे व्हिडिओ बघायला रोज रातच्याला वर बसती. थंडीत लेकराला कुठवर वर बसवू?" घरात मोबाईलची रेंजही धड नव्हती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. तिथे वायफायची काय कथा!

असे गावातले सार्वजनिक वायफाय आता नवलाचे राहिलेले नाही. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गुगल यांनी मोफत वायफाय सुरू केले आणि पुढे ते हजारो स्थानकांवर गेले. गुगल 2020 मध्ये त्यातून बाहेर पडली, रेलटेलने काम चालू ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, चहावाला, कोणीही परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय आपल्या दुकानातून वायफाय विकू शकतो. आणि आपल्या सहकारी साखर धंद्याला तर हे त्याहून जुने आहे. वारणा परिसरातील सुमारे 70 गावांत 1998 साली संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला होता. शेतकरी तिथे मुख्यतः काय बघायचे? आपल्या उसाचे वजन आणि बिल. पुढे 2006-07 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. म्हणजे बघा, आपल्या माणसाला तार, संगणक, मोबाईल यांचे अप्रूप नाही. आपला आकडा आपल्याला वेळेवर दिसावा एवढीच अपेक्षा.

असो. आबांचा प्रश्न घेऊ.

बाजारात हजार-दोन हजार रुपयांपासून छोटे राऊटर मिळतात. त्यांतले काही राऊटर बाहेरचे वायफाय स्वतः पकडतात आणि घरात दुसऱ्या नावाने आपले वेगळे वायफाय देतात. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: हा नुसता रिपीटर आहे, की बाहेरच्या वायफायवरून स्वतःचे नेटवर्क करतो? खोक्यावर 'डब्ल्यूआयएसपी मोड' असे लिहिलेले असते, ते बघा. रिपीटर फक्त बाहेरचे वायफाय लांबवतो. तुमचा मोबाईल त्याच सार्वजनिक जाळ्यात राहतो. दुसऱ्या प्रकारात मात्र मध्ये भिंत उभी राहते.

आपल्या भाषेत सांगतो. चारीचे पाणी सगळ्यांचे. त्यातून तुम्ही शेततळ्यात पाणी घेतले आणि तिथून आपले ठिबक चालवले, तर आतल्या नळ्या, वॉल्व्ह, फिल्टर सगळे तुमचे. चारीवरच्या माणसाला तुमचे शेततळे दिसेल, आतला कोणता वॉल्व्ह कुठे उघडला ते दिसणार नाही. तसेच बाहेरच्या वायफायला तुमच्या घरातला फक्त राऊटर दिसतो. मागचे मोबाईल, कॅमेरा, प्रिंटर थेट दिसत नाहीत. अर्थात चारीलाच पाणी कमी असेल तर शेततळे काय करील? दुकानाचा वेग कमी असेल तर राऊटर तो वाढवत नाही. उलट एकाच पट्ट्यावर घेणारा आणि देणारा साधा राऊटर असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. म्हणून दोन पट्ट्यांचा घ्यावा. 2.4 गिगाहर्ट्झवर बाहेरून घ्यायचे, कारण तो लांब पोचतो, आणि 5 गिगाहर्ट्झवर घरात द्यायचे.

आता ही भिंत कशाला हवी, हे माझ्याच फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असताना एका लॉजवर उतरलो होतो. तिथले वायफाय सगळ्यांना एकच. रात्री लॅपटॉप उघडला तर शेजारच्या खोलीतल्या कोणाचे तरी फोल्डर मला दिसू लागले. गंमत वाटली. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला, की मला त्याचे दिसते तर त्याला माझे दिसत असणार! कार्यालयात प्रिंटरसाठी मी शेअरिंग चालू ठेवले होते आणि त्या फोल्डरमध्ये दोन गटांची ऊस नोंद होती. सभासदांची नावे, गट क्रमांक, बँक खाती, सगळे. कोणी उघडले की नाही, मला आजही सांगता येणार नाही. परत आल्यावर कार्यालयात कबूल केले, बोलणी खाल्ली. तेव्हापासून बॅगेत छोटा राऊटर असतो आणि सभासदांची यादी लॅपटॉपवर नसते.

आबांच्या घरी राऊटर मी आणि त्यांच्या नातीनेच बसवला. पहिली अडचण पत्त्याची आली. दुकानाचे जाळे 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते देत होते आणि नवा राऊटरही आत तेच देत होता. एकाच गटाला दोन सातबारे निघावेत तसा प्रकार, नेट चालेना. आतला पत्ता 192.168.8.1 केला आणि काम झाले. दुसरी गोष्ट ओटीपीची. राऊटर जोडल्यावर आतल्या एका मोबाईलवर लॉगिनचे पान उघडते, ओटीपी टाकला की बाहेरच्यांच्या लेखी राऊटरच आत आला, मग मागची सगळी साधने चालतात. पण दुकानदाराला आधी विचारा. काही ठिकाणी एका लॉगिनवर एकच साधन चालवायचा नियम असतो. वाणीचे जिथे अॅपमधूनच लॉगिन होते, तिथे राऊटरचे जुळेलच असे नाही. आबांनी दुकानदाराला विचारून महिन्याचे जास्तीचे पैसे ठरवले, तेव्हाच मी पुढे हात घातला. चोरून चारी फोडणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे.

आतल्या वायफायला डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 लावा आणि राऊटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. गट नंबर, मोबाईल नंबर, नातवाचे नाव हे पासवर्ड नव्हेत. शेजाऱ्यांनाही देऊ नका. लॉगिन तुमच्या नंबरवर आहे, उद्या पोलीस विचारायला आले तर तुमच्याच दारात येतील. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. ज्याचे घर, त्याला चौकशीचा ताप झाला. त्यानंतर 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

भिंतीचाही गैरसमज नको. दुकान ते राऊटर हा टप्पा उघडा असेल तर उघडाच राहतो. बँकेचे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर चालते, त्यामुळे मजकूर सहसा कोणाला वाचता येत नाही. पण कोणी दुकानाच्याच नावाचे खोटे वायफाय लावले तर राऊटर बिचारा नाव बघून त्याला जाऊन चिकटेल आणि समोर बनावट पान येऊ शकेल. म्हणून उसाच्या बिलाचे पैसे काढण्या-पाठवण्याचे काम मोबाईलच्या डेटावरच करा, त्यासाठी रस्त्यापर्यंत चालत जावे लागले तरी हरकत नाही. फुकटच्या व्हीपीएनच्या नादी लागू नये, हे माझे मत.

एक गोष्ट मात्र माझ्याच खात्याची असून माझ्या लक्षात आली नाही. राऊटर बसवला तेव्हा मधल्या प्लॉटमध्ये 86032 गुडघ्याएवढा होता. ऊस डोक्यावर गेला तसे वायफाय मंदावले. हिरवी पाने पाण्याने भरलेली आणि पाणी या लहरी शोषते. नात म्हणाली, "काका, तुमच्या उसानंच नेट अडवलं." मग बाहेर लावायचा अँटेना आणून माळवदावर बारा फुटी पाईपला बांधला आणि तोंड थेट दुकानाकडे केले. राऊटर खाली खिडकीत, पाच व्होल्टचा असल्याने वीज गेली की पॉवर बँकेवर. नात आता खाली चुलीजवळ बसून अभ्यास करते. आबांनी मात्र माझ्याकडे त्या प्लॉटची तोड लवकर लावा म्हणून अर्ज दिला आहे, कारण म्हणून 'वायफाय' असे लिहून. तोड लागणीच्या तारखेप्रमाणेच लागेल, हे त्यांना तोंडी सांगितले आहे.