रुग्णाचे आढ्यत्व आणि शासकीय आरोग्य योजनेची पात्रता

चिकित्साचतुष्पादातील रुग्णाचे गुण सांगताना चरकाचार्यांनी स्मृतीचा उल्लेख केला आहे. वाग्भटाचार्यांनी मात्र तेथे रुग्ण आढ्य, म्हणजेच द्रव्यसंपन्न, असावा असे म्हटले. द्रव्याअभावी उत्तम वैद्यही हतबल होतो, हे त्यांनी जाणले होते.

अलीकडेच उरःशूलाने पीडित एक शेतमजूर माझ्या चिकित्सालयात येत असे. हृद्रोगतज्ज्ञांनी त्यास अँजिओप्लास्टीचा सल्ला दिला होता. काढ्याने भागते का पाहू, असे म्हणून तो दीड महिना टाळत राहिला. खर्चाची धास्ती हे खरे कारण तिसऱ्या भेटीत उमगले. घरात केशरी शिधापत्रिका होती. तिची चौकशी मी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. सुदैवाने शस्त्रकर्म वेळेत झाले. यास्तव पात्रतेचे नियम आपण वैद्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. प्रारंभी पात्रता शिधापत्रिकेच्या रंगावर ठरत असे. पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा, तसेच एक लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांची केशरी पत्रिका ग्राह्य होती. पुढे अवर्षण व आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील शुभ्र पत्रिकाधारक शेतकरीही त्यात आले. दरवर्षी प्रतिकुटुंब दीड लाखाचे संरक्षण मिळे.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिची पात्रता निराळ्या तत्त्वावर आहे आणि घोटाळा नेमका येथेच होतो. तेथे उत्पन्नाचा दाखला चालत नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेच्या यादीत कुटुंब असावे लागते. ग्रामीण भागासाठी एकाच खोलीचे कच्चे घर, १६ ते ५९ वयाची प्रौढ व्यक्ती नसणे, स्त्रीप्रमुख कुटुंबात त्या वयाचा पुरुष नसणे, अपंग सदस्य असून सक्षम प्रौढ नसणे, अनुसूचित जाती-जमाती, आणि भूमिहीन मजुरी हे निकष होत. प्रौढ निरक्षरतेचा निकष जनगणनेत असूनही येथे वगळला गेला, याचे नवल वाटते. शहरांत घरकामगार, फेरीवाले, गवंडी, रिक्षाचालक अशा ११ व्यवसायगटांवर निवड झाली. परिणामी २०११ नंतर दारिद्र्यात लोटले गेलेले कुटुंब यादीबाहेर राहते, तर तेव्हा गरीब असलेले आज सुस्थितीत असूनही आत राहते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्रित राबविल्या जात आहेत. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने राज्याची पात्रता शुभ्र पत्रिकाधारकांपर्यंत व अधिवास प्रमाणपत्रधारकांपर्यंत व्यापक झाली. संरक्षण पाच लाखांचे झाले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तथापि बऱ्याच रुग्णांच्या मनात 'आमची पत्रिका पांढरी' हा जुना समज अद्याप घर करून आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अटच ठेवलेली नाही. वयाचा पुरावा म्हणून आधारपत्र पुरते.

लाभ केवळ अंगीकृत रुग्णालयात आणि ठरावीक उपचारांसाठीच मिळतो; बाह्यरुग्ण विभागातील नित्याची औषधे त्यात बसत नाहीत. मधुमेह वा संधिवाताच्या नित्य रुग्णास योजनेची आशा दाखवू नये. रुग्णालयातील आरोग्यमित्र शिधापत्रिका व छायाचित्रयुक्त ओळखपत्र पाहून नोंदणी करतो, त्यानंतर उपचारास पूर्वमंजुरी घेतली जाते. आत्ययिक अवस्थेत दूरध्वनीवरून मंजुरी मिळू शकते व कागदपत्रे मागाहून देता येतात. म्हणून कागदांसाठी रुग्णास घरी परत धाडू नये. मंजूर उपचारात तपासण्या, औषधे, भोजन व परतीच्या प्रवासाचा खर्चही अंतर्भूत असतो, हे नातेवाइकांना आवर्जून सांगावे.

बहुतेक अडचणी नावांच्या असतात. सुनेचे नाव पत्रिकेत चढविलेले नसते, आधारवर 'बाळू' तर पत्रिकेत 'बाळासाहेब' असते. ही दुरुस्ती तहसील कार्यालयात वेळ घेते, म्हणून शस्त्रकर्माची शक्यता दिसताच, निदान पक्के होण्याची वाट न पाहता, पत्रिका मागवून पाहावी. राज्य योजनेचा १५५३८८ व केंद्राचा १४५५५ हे निःशुल्क क्रमांक प्रतीक्षाकक्षात ठळक अक्षरांत लावावेत.