रविवारी मुलांची पावले का मंदावतात?

सुट्टीचा दिवस म्हणजे मुलांच्या हुंदडण्याचा दिवस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र मुलांच्या कमरेला वा मनगटाला हालचाल नोंदवणारे छोटे यंत्र बांधून निरनिराळ्या देशांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांतील बहुतेकींत उलटेच चित्र दिसले. शाळेच्या दिवसांपेक्षा शनिवार-रविवारी मुलांची हालचाल घटते.

याचे कारण दिवसाच्या आखणीत आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. शाळेची वेळ ठरलेली असल्याने उठणे, निघणे, जिने चढणे, मधल्या सुट्टीतील पळापळ, शारीरिक शिक्षणाचा तास हे सारे आपोआप घडते. रविवारी हा साचा सुटतो. उशिरा उठलेले मूल मोबाईल घेऊन बसले, तर त्याला उठवणारी घंटा नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी पूर्वी रोज किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगितली होती. २०२० च्या सूचनांत ‘आठवड्याच्या सरासरीने’ रोज ६० मिनिटे, असा बदल झाला. म्हणजे हिशेब ४२० मिनिटांचा. सोमवार ते शुक्रवार ७० मिनिटे खेळणाऱ्या मुलाला शनिवारी ५० आणि रविवारी २० मिनिटेही पुरतात. मात्र आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस, स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवाच.

वय वाढते तशी ही बेरीज जमेनाशी होते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुलांची हालचाल अपुरी होती; मुलग्यांत हे प्रमाण ७८, तर मुलींत ८५ टक्के. भारताचा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास होता.

गोव्यातील बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. त्यानंतरचे ऊन खेळू देत नाही आणि ऊन उतरते नेमके त्याच वेळी शिकवणीचे वर्ग भरतात. दहावीच्या मुलांचे मैदान सुटते ते बहुधा इथेच. मुलींच्या बाबतीत अंधारापूर्वी घरी परतण्याची अट आणखी अर्धा तास कापते. जूनपासून चार महिने मैदानेच पाण्याखाली असतात. तेव्हा छप्पर असलेली जागा लागते. गावागावांत ती शाळेचे सभागृह किंवा देवळाचा मंडप हीच. पावसाळ्यातल्या रविवारी यांपैकी सभागृहाला बहुधा कुलूप असते.